काळी पाचचा तंबोरा, पांढरी पाचचा गळा

“ताई, पट्टी कोणती?”

मिरजेच्या कारागिरांनी फोनवर विचारलेला हा पहिला प्रश्न. किंमत, रंग, नक्षी हे सगळं नंतर. पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा षड्ज, म्हणजे सा, पेटीच्या ज्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर लागतो तिचा नंबर. मी जराही न थांबता सांगितलं, “काळी पाच.” भोपळा किती घेराचा निवडायचा, दांडी किती लांब ठेवायची, कुठल्या नंबरची तार चढवायची हे सगळं त्या दोन शब्दांवर ठरलं. सहा महिन्यांनी तंबोरा तयार झाला तेव्हा तो काळी पाचला असा बोलत होता की दुकानात बसलेली दोन अनोळखी माणसंही बोलायची थांबली. माझा गळा मात्र काळी पाचचा राहिला नव्हता आणि हे मलाच माहीत नव्हतं.

हे सविस्तर लिहिते आहे, कारण त्यानंतर माझ्या ओळखीतल्या दोन गाणाऱ्या मैत्रिणींच्या घरी मी नेमकं हेच पाहिलं. उत्तम कारागीर, उत्तम वाद्य, आणि मागवणारीनं दिलेली माहिती दहा-पंधरा वर्षांपूर्वीची. वाद्य कोपऱ्यात गवसणीत, म्हणजे कापडी खोळीत, उभं आणि रियाज इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या मशीनवर. माझाही तंबोरा तिथेच जाऊन उभा राहिला असता.

आधीची गोष्ट

मी डोंबिवलीत गाणं शिकवते. ज्यांच्याकडे शिकले त्या बाईंकडे मिरजेच्या तंबोऱ्यांची जोडी होती आणि शिकवणीआधी ती लावून ठेवायचं काम माझ्याकडे असे. खुंटी पिळायची, मग तारेत ओवलेला मणी सरकवून बारीक मिळवायचं. आतून ओटा पुसता पुसता बाई ओरडायच्या, “जोड अजून एक होत नाहीये गं.” जोड म्हणजे एकाच षड्जाला मिळवायच्या मधल्या दोन तारा. मला त्या दोन्ही एकच वाटायच्या. वर्षभरानं त्या वेगळ्या ऐकू यायला लागल्या आणि त्यानंतर मिळवल्याशिवाय कधी एक वाटल्या नाहीत. माझं स्वरज्ञान जे काही आहे ते त्या खुंट्या पिळण्यातून आलेलं आहे.

लग्नानंतर दोन खोल्यांच्या घरात तंबोरा ठेवायला जागा नव्हती. 2005 मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेतला. जुन्या पद्धतीचा, आकडे न दाखवणारा, पट्टीसाठी एक गोल बटण असलेला. त्यावर 19 वर्षं गायले. त्या यंत्राबद्दल मी वाईट बोलणार नाही. पहाटे पाच वाजता शेजारी न उठवता मला सूर देणारं दुसरं काहीही नव्हतं.

मग एके दिवशी अकरावीतली एक विद्यार्थिनी म्हणाली, “ताई, खर्जातून गंधार ऐकू येतो असं तुम्ही म्हणता. तो कुठे आहे?” खर्ज म्हणजे तंबोऱ्याची सगळ्यात खालच्या षड्जाची तार, आणि उपस्वर म्हणजे मूळ स्वरात मिसळून येणारे वरचे सूर. मूळ स्वर पहिला धरला तर खर्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर म्हणजे दोन सप्तकं वरचा गंधार. तंबोरा चांगला लागला असेल तर तो कुणी न छेडता आपला आपण उमटतो, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. मी मशीनचा आवाज वाढवला, कमी केला, तिला जवळ बसवलं. तिला काही ऐकू आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. त्या रात्री ठरवलं, आता तंबोरा घ्यायचा.

मिरजच का

मुंबईतल्या दुकानांत तयार तंबोरे मिळतात. मी दोन पाहिले. एकाची तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, इतकी जाड होती की नखानं टकटक केल्यावर पाटावर टिचकी मारल्यासारखा आवाज यायचा. दुसरा बरा होता, पण तो कोणत्या पट्टीसाठी बांधला आहे हे दुकानदाराला सांगता येईना. “कुठल्याही पट्टीला लावा, लागतो,” असं तो म्हणाला. बाईंकडे शिकलेल्या मुलीला हे वाक्य पटणं शक्य नव्हतं.

मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू आहे. तिथली सतारमेकर घराणी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारी आणि त्यांना धार लावणारी. तलवारींचे दिवस संपत आले तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानाच्या आश्रयानं फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करायला आणि मग बनवायला सुरुवात केली. गायकही याच गावात राहत होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले ते मिरजेतच. अब्दुल करीम खाँसाहेब इथे स्थायिक झाले आणि त्यांची कबरही मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. तंबोरा बनवणारा आणि तंबोऱ्याबरोबर गाणारा एका गल्लीच्या अंतरावर असले की वाद्याचा दोष लगेच कानावर पडतो आणि लगेच निघतो. मिरजेच्या कामाचा दर्जा यातून आला असं माझं ठाम मत आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आनंदच झाला. पण मानांकनाचा शिक्का वाद्य कुठलं आहे ते सांगतो. ते कोणाच्या गळ्यासाठी आहे हे सांगायचं काम घेणाऱ्याचंच राहतं.

मी ज्यांच्याकडे मागवला त्यांचं छोटं दुकान आहे. स्वतः चाचा, त्यांचा मुलगा आणि एक पुतण्या. वर्षाला मोजकीच वाद्यं करतात. नाव देत नाही, कारण आधीच त्यांच्याकडे थांबावं लागतं आणि त्यांना फोनवर फार बोलायला आवडत नाही.

काय ठरलं, कसं ठरलं

जुलै 2024 मध्ये फोन केला. पट्टीनंतर चाचांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि तो आठवला की मला अजून वाईट वाटतं. “आत्ता गाता ती पट्टी का?” मी म्हटलं, हो. मग ते म्हणाले, “एकदा येऊन गाऊन दाखवा की. बरं पडतं.” क्लासच्या परीक्षा होत्या, मिरज म्हणजे रात्रभराचा प्रवास. त्याऐवजी मी मोबाइलवर एक ध्वनिमुद्रण पाठवलं. ते होतं 2009 सालच्या एका कार्यक्रमाचं. माझ्याकडचं सगळ्यात स्वच्छ मुद्रण तेच होतं. त्यात मी खरोखरच काळी पाचमध्ये गात होते आणि चांगली गात होते. चाचांनी ऐकलं आणि त्याप्रमाणे काम सुरू केलं. त्यांच्या बाजूनं यात तसूभरही चूक नाही.

बाकीचे निर्णय भराभर झाले. किंमत 36,000 रुपये, त्यातले 10,000 आगाऊ. गवसणी वेगळी. लाकूड तुणीचं. नक्षी कमीत कमी, कारण सेल्युलॉइडच्या पट्ट्या आणि कोरीव पानं वाढवली की किंमत वाढते आणि आवाजात काही भर पडत नाही. वाद्याच्या गळ्यापाशी, भोपळा आणि दांडी जुळतात तिथे, तेवढी पानांची एक ओळ ठेवली, तिथला सांधा झाकायला ती लागतेच. घोडी, म्हणजे तबलीवर तारा जिच्यावर टेकतात ती, हाडाची. पूर्वी सांबरशिंग वापरत, त्याचा व्यापार आता कायद्यानं बंद आहे आणि ते योग्यच आहे. पॉलिश चपड्याच्या लाखेचं. यावर मी अडून बसले. चकचकीत रासायनिक पॉलिश लवकर वाळतं, पण त्याचा जाड थर तबलीवर बसला तर ती गुदमरते.

भोपळा मात्र मी निवडला नाही, त्यांनी निवडला. हे भोपळे सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, खास वाद्यांसाठी पिकवतात. कडू जातीचा, जाड सालीचा, खाण्याच्या उपयोगाचा नाही. तो वेलीवरच पूर्ण पिकू द्यायचा आणि मग महिनोन्‌महिने वाळवायचा. चाचांच्या माळ्यावर असे भोपळे तोंड खाली करून ठेवलेले असतात, कुणाचा घेर मोठा, कुणाचा लहान, कुणी एका बाजूला किंचित कललेला. काळी पाच म्हटल्यावर त्यांनी त्यातला लहान काढला. दांडीही त्या मानानं आखूड.

दसऱ्याला देतो म्हणाले होते. ऑक्टोबरभर पाऊस रेंगाळला, लाख वाळेना. मी दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा केला नाही, कारण मुलानं सांगितलं की घाई केली तर पॉलिशवर बोटांचे ठसे राहतील आणि अब्बा ते पुन्हा खरवडून काढतील. जानेवारीत निरोप आला, या.

दुकानात वाजला तो आणि घरी वाजला तो

कल्याणहून रात्रीची महालक्ष्मी धरली आणि पहाटे मिरजेला उतरले. दुकान उघडल्यावर चाचांनी गवसणी काढली. रंग पिकल्या खारकेसारखा. त्यांनी खर्जापासून पंचमापर्यंत तारा मिळवल्या, घोडीवर चारी तारांखाली सूर खुलवणारा दोरा सरकवला आणि छेडायला लागले. मी मघाशी सांगितलं तसं सगळे गप्प झाले. मला गा म्हणाले. मी भूपची दोन आवर्तनं गायले, वर तार गंधारापर्यंत गेले. प्रवासानं गळा ताजा नव्हता, पण आनंदानं कुणाचाही गळा दहा मिनिटं दोन पट्ट्या वर जातो. मी पैसे दिले, कोयना एक्सप्रेसमध्ये खिडकीशेजारी तंबोरा मांडीवर आडवा घेऊन बसले आणि कल्याणपर्यंत दोन्ही हातांनी भोपळा धरून आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे रियाजाला बसले. अर्ध्या तासानं तार षड्जावर आवाज ताणायला लागला. मला वाटलं, प्रवासाचा शीण. तिसऱ्या दिवशी पंचमापर्यंत जाताना मान पुढे येत होती. आठवडाभरानं घसा दुखायला लागला. मी स्वतःलाच दोष देत होते, रियाज कमी पडला, वय झालं. मशीन लावलं की मात्र गळा मोकळा. असं का, याचा उलगडा मला झाला नाही, क्लासला आलेल्या पेटीवाल्या मुलाला झाला. मशीन चालू होतं. त्यानं सहज पेटीवर षड्ज शोधला आणि म्हणाला, “ताई, हे पांढरी पाच आहे.” मी उठून पाहिलं. पांढरी पाचच, किंबहुना केसभर खालीच.

मशीनच्या बटणाभोवतीच्या खुणा केव्हाच पुसल्या गेल्या होत्या. दर वर्षी-दोन वर्षांनी गळ्याला जरा जड वाटलं की माझ्या हातानं ते बटण केसाएवढं डावीकडे नेलं होतं. 19 वर्षांत ते अर्ध्या अर्ध्या स्वराच्या तीन पायऱ्या खाली आलं आणि मी तोंडानं काळी पाचच म्हणत राहिले. चाळिशीनंतर बायकांचा आवाज खाली येतो हे मी शिकवते. विद्यार्थिनींची पट्टी मी दर सहा महिन्यांनी पेटीवर तपासते. स्वतःची कधी तपासली नव्हती.

तीन पायऱ्या म्हणजे किती

तंबोरा खाली लावायचा, त्यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. मलाही पहिल्यांदा तेच वाटलं. खुंट्या सैल केल्या, चारी तारा पांढरी पाचला आणल्या आणि छेडल्या. पंचम ठीकच, जोड थकल्यासारखी, आणि खर्ज नुसता फडफडायला लागला. तारेचा स्वर न राहता तार घोडीवर आपटल्याचा आवाज.

कारण सोपं आहे. काळी पाचचा षड्ज साधारण 233 हर्ट्झ, पांढरी पाचचा 196. तारेची लांबी आणि जाडी तीच ठेवून स्वर खाली आणायचा तर ताण कमी करावा लागतो आणि ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. 196 ला 233 नं भागा, त्याचा वर्ग करा. सुमारे 0.7. म्हणजे तीन पायऱ्या उतरताना तारेतला तीस टक्के ताण निघून जातो. सैल तार मोठ्या फेऱ्या घेऊन हलते, आणि घोडीचा माथा ज्या हालचालीसाठी घासला आहे तिच्याशी त्या फेऱ्या जुळत नाहीत.

तो घोडीचा माथा हीच तंबोऱ्यातली सगळ्यात नाजूक जागा. तो सपाट दिसतो, पण अगदी हलका उतार असलेला, किंचित फुगीर असतो. तार हलताना त्या उतारावर टेकते आणि सुटते, प्रत्येक कंपनात. त्यातून उपस्वरांचा तो झरा निघतो, ज्याला आपण जवारी म्हणतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये यावर लिहिलं आहे. तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा युरोपातला मान्य नियम होता. तंबोऱ्यात आणि वीणेत तेही उपस्वर ठणठणीत ऐकू येतात, आणि त्याला कारण घोडीचा हा माथा, हे त्यांनी दाखवून दिलं. कुण्या कारागिराच्या कानानं शेकडो वर्षांपूर्वी शोधलेली ही गोष्ट आहे, ती वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

तेव्हा प्रश्न असा होता: वाद्य निर्दोष, गळा निर्दोष, दोघांची जोडी जमत नाही. तंबोरा परत करावा? तो माझ्या सांगण्यावरून बनला होता, त्यांनी तो परत घ्यावा असं म्हणायचा मला अधिकार नव्हता. विकावा? काळी पाचची गाणारी मुलगी मिळाली असतीही. ओढून ताणून काळी पाचमध्येच गावं? एका ज्येष्ठ गायकांनी मला हाच सल्ला दिला, “रियाजानं चढेल पट्टी.” मी तो मानला नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी गळा वाद्याच्या मापाचा करायला जाणं म्हणजे चप्पल लहान आहे म्हणून पाय कापणं. मी चाचांना फोन केला आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “घेऊन या. बघू या काय होतंय ते. पण या वेळी गायला या.”

मार्चमधला एक दिवस

रमजान चालू होता. चाचांचा रोजा. तरी मी पोचल्या पोचल्या त्यांनी पुतण्याला पिटाळून माझ्यासाठी चहा मागवला आणि मी नको नको म्हणत असताना तो माझ्यासमोर ठेवायला लावला. तंबोऱ्याला त्यांनी तासभर हातच लावला नाही. “गा की ताई. तारेला नंतर बघू.” तंबोरा नाही, मशीन नाही, नुसतं गायचं. मी तोडी गायले. थोड्या वेळानं थांबवून त्यांनी जुन्या पेटीवर माझा षड्ज पाहिला. मग इकडचं तिकडचं बोलणं, मुलं काय करतात, डोंबिवलीत पाणी येतं का. पुन्हा गा. पुन्हा पेटी. असं तीनदा. तिन्ही वेळा मी आपोआप जो षड्ज धरला तो पांढरी पाचचा.

मग त्यांनी सगळ्या तारा उतरवल्या. जोडीच्या तारा 0.28 मिलिमीटरच्या होत्या, त्या जागी 0.32 च्या चढवल्या. खर्जाची पितळी तारही एक नंबर जाड. जाडी वाढली की त्याच स्वराला जास्त ताण लागतो, गेलेला ताण बराचसा भरून निघतो. मी म्हटलं, अजून जाड घाला ना. ते म्हणाले, “दांडी हिशेबानं केलीय. फार ओढली तर वाकंल.” नंतर घोडी बोटभर लंगोटाच्या, म्हणजे भोपळ्याच्या बुडाशी तारा अडकवतात त्या पट्टीच्या, दिशेनं सरकवली. तंबोऱ्याची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानं ती जागेवर बसलेली असते, म्हणून हे करता येतं. तेवढीच तार लांब झाली. त्याहून मागे नेली नाही, कारण तबलीच्या कडेकडे गेलं की ती कडक होते आणि आवाज कोरडा येतो.

आणि मग जवारी. जुनी घोडी बाजूला ठेवून त्यांनी नवी घेतली. पंखा बंद करायला सांगितला. बाहेर पुतण्या पटाशीनं खुंट्यांची भोकं साफ करत होता, त्याला थांबवलं. घोडीचा माथा कानशीवर दोनदा ओढला, उजेडाकडे धरून एका डोळ्यानं पाहिला, मग बारीक पॉलिशपेपरवर घासला. घोडी तारांखाली सरकवली, खर्ज मिळवला, छेडला. काढली. पुन्हा कानस, या वेळी एकदाच. पुन्हा तारांखाली. हे किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, दुपारची अजान झाली तेव्हा ते खर्जावरच होते. प्रत्येक वेळी मला वाटायचं, झालं, छान आहे. ते मान हलवायचे. एका क्षणी त्यांनी दोरा घेतला, खर्जाखाली घातला आणि नखानं पुढे सरकवत राहिले. आवाज बंद होता, बंद होता, आणि मग एकदम पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडावं तसा उघडला. दोरा अर्ध्या तांदळाएवढा पुढे गेला असेल. “खुलली,” एवढंच म्हणाले.

चारी तारा झाल्यावर माझ्याकडे न पाहता मुलाला म्हणाले, “खर्ज तेवढा हलका राहिला.” ते खरं आहे. भोपळा काळी पाचच्या मापाचा, म्हणजे लहान. पांढरी पाचच्या खर्जाला जो खोलपणा हवा तो त्याच्या पोटात मावत नाही. तारा बदलता येतात, घोडी बदलता येते. भोपळा बदलता येत नाही. त्या दिवसापुरती तडजोड तिथे संपली.

नव्या घोडीचे आणि तारांचे 3,500 रुपये झाले. जवारीचे पैसे घ्यायला ते तयार नव्हते. मी इफ्तारसाठी म्हणून खजूर आणि फळं आणून ठेवली, ती त्यांनी घेतली.

आता वाद्य कसं आहे

रोज त्यावर गाते. घसा दुखत नाही. त्या अकरावीतल्या मुलीला, ती आता बारावीत आहे, मी काही न सांगता तंबोऱ्यामागे बसवलं. “खर्ज छेड आणि थांब,” एवढंच सांगितलं. चौथ्या-पाचव्या वेळी तिनं मान वर केली आणि गंधार गुणगुणला. हलका खर्ज असूनही तो आला.

मिरजेची कोरडी हवा आणि डोंबिवलीचा पावसाळा यांच्यात जो फरक आहे तो मात्र जूनमध्ये कळला. खुंट्या फुगून घट्ट बसल्या, पंचमाची खुंटी तर दोन दिवस हलेना. जोर लावला नाही, कारण जोर लावला की खुंटी तुटते किंवा भोकाशी दांडी चिरते. खोली बंद करून रात्रभर साठ वॅटचा पिवळा दिवा तंबोऱ्यापासून चार फुटांवर लावून ठेवला, सकाळी ती सुटली. हिवाळ्यात उलटं होतं, खुंट्या घसरतात. तेव्हा खडू घासायचा. दमट हवेत जवारीही मिटते, दोरा जरा वेगळ्या जागी लागतो. ती जागा रोज शोधावी लागते. बाईंच्या घरी मी तेच करत होते आणि मला ते मधल्या 19 वर्षांत विसरायला झालं होतं.

कुणी तंबोरा मागवणार असेल तर माझं एकच कळकळीचं सांगणं आहे. मागवण्याआधी पंधरा दिवस, कुठलंही यंत्र न लावता, आपला षड्ज आपोआप कुठे लागतो ते पेटीवर पाहा. सकाळी पाहा, संध्याकाळी पाहा, सर्दी असताना पाहा, शिकवून दमल्यावर पाहा. जी पट्टी सर्वांत जास्त वेळा येईल ती सांगा, जी आवडते ती नको. जुनं मुद्रण पाठवू नका. आणि कारागीर ‘या’ म्हणत असेल तर जा. रजा टाकून जा. एका रात्रीच्या प्रवासाची आळशीपणानं केलेली बचत मला पुढे एक जादा फेरी, एक घोडी आणि कायमचा हलका खर्ज एवढ्याला पडली.

बाईंकडे जोडी होती, म्हणून मलाही जोडी हवी आहे. या दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा मिरजेला गेले होते. चाचांनी तासभर गायला लावलं, तीन वेळा पेटी पाहिली. मग माळ्यावरचा एक मोठा, किंचित डावीकडे कललेला भोपळा खाली उतरवला, हातानं धूळ पुसली, बोटांनी वाजवून पाहिला आणि मुलाकडे दिला. मुलानं त्याच्या बुडाशी पेन्सिलनं माझं नाव लिहिलं आणि खाली: पां. 5, गाऊन घेतली.